गेमिंग पीसी: ब्रँडचा तयार घ्यावा, दुकानातून असेंबल करून घ्यावा की पार्ट मागवून घरी जोडावा?

नेत्रा_चिपळूण
नमस्कार मंडळी. मुलगा यंदा कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या फर्स्ट इयरला आहे, कॉलेज घरून जाऊन-येऊन करतो. त्याला डेस्कटॉप हवाय. अभ्यास आहेच, पण खरं कारण गेमिंग आणि ते त्याने सरळ सांगितलं म्हणून मलाही बरं वाटलं. व्हॅलोरंट रोजचं, शिवाय सायबरपंक, जीटीए असले मोठे गेम, आणि हल्ली ब्लेंडर (थ्रीडीचं सॉफ्टवेअर) शिकायला घेतलंय. बजेट मॉनिटर धरून १ लाख १० हजार, अगदीच गरज पडली तर अजून पाच.

आत्ता समोर तीन रस्ते आहेत. मोठ्या ब्रँडचा तयार टॉवर ऑनलाइन ९२ हजाराला आहे, मॉनिटर वेगळा. त्यात आय-५ १४४००एफ, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, आरटीएक्स ३०५० ग्राफिक्स कार्ड, विंडोज ११ आणि एक वर्ष ऑनसाइट वॉरंटी. दुसरा म्हणजे मुंबईतल्या एका दुकानातून असेंबल करून आणायचा, त्यांचं कोटेशन अजून यायचंय. तिसरा मुलाचा हट्ट, पार्ट मागवा मी जोडतो. शिवाय शेजारच्यांनी एक लिंक पाठवलीये, "गेमिंग पीसी, आय-७, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक्स कार्ड" फक्त २९ हजार, सोबत मॉनिटर कीबोर्ड सगळं. एवढा फरक कसा काय असू शकतो हेच कळेना. आमच्याकडे दमट हवा आणि पावसाळ्यात लाइटचा खेळ, तेही लक्षात घेऊन सांगा.

ओंकार_डी
ताई ती २९ हजारवाली लिंक आधी डोक्यातून काढा. असल्या लिस्टिंगमध्ये आय-७ लिहितात पण पुढचा नंबर लिहीत नाहीत, कारण तो बहुतेक वेळा २६०० किंवा ३७७० असतो. म्हणजे २०११-१२ सालचे प्रोसेसर, ऑफिसांतून भंगारात निघालेल्या मशीनमधले, नव्या चकचकीत काचेच्या कॅबिनेटमध्ये बसवलेले. कार्ड जीटी ७३० वगैरे, तेही २०१४ चं. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा पुढचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे तिथे ते अधिकृतपणे चालणारच नाही. आणि व्हॅलोरंट विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या बोर्डातल्या सुरक्षेच्या सोयी मागतं. विंडोज १० वर चालवू म्हणाल तर त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. एकूण २९ हजार पाण्यात.

शार्दूल_ठाणे
ओंकारला +१. आता उरलेल्या तिघांबद्दल जरा सविस्तर लिहितो.

आपल्याकडे हा प्रश्न परदेशी यूट्यूबवाल्यांच्या व्हिडिओत असतो तसा दोनच बाजूंचा नसतो. तिकडे एकतर डबाबंद तयार पीसी, नाहीतर स्क्रूड्रायव्हर घेऊन स्वतः. आपल्याकडे मधला रस्ता सगळ्यात जुना आणि सगळ्यात वापरातला आहे, यादी तुमची, पार्ट दुकानातले, जोडणारा दुकानातला पोरगा, आणि बिलावर प्रत्येक पार्ट वेगळा. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर वर्षानुवर्षं हेच चालू आहे. त्यामुळे "तयार की स्वतः" यापेक्षा "आत काय आहे हे मला नावानिशी सांगतायत का" हा प्रश्न विचारा. सांगत असतील तर कुठूनही घ्या, नसतील तर कितीही मोठा ब्रँड असो, थांबा.

तुमच्या ९२ हजाराच्या टॉवरमध्ये नावानिशी काय आहे? प्रोसेसर सांगितलाय, तो ठीक आहे. (१३व्या-१४व्या पिढीच्या इंटेलबद्दल २०२४ मध्ये क्रॅश होण्याची जी बोंब झाली, ती मुख्यतः आय-७, आय-९ आणि "के"वाल्या आय-५ ची, १४४००एफ त्यातला नाही.) पण ३०५० म्हणजे कुठलं? ८ जीबी आणि ६ जीबी अशी दोन आहेत आणि फरक नुसता मेमरीचा नाही. ६ जीबीवालं २०२४ मध्ये आलं, त्यात कोअर कमी, मेमरी बस (मेमरीतून डेटा ये-जा करण्याचा रस्ता) १२८ बिटच्या जागी ९६ बिट. नाव तेच ठेवल्यामुळे गिऱ्हाइकाला कळत नाही. तयार टॉवरमध्ये हल्ली ६ जीबीवालंच दिसतं. ९२ हजाराच्या मशीनमध्ये ते कार्ड हे माझ्या मते पटण्यासारखं नाही, कारण गेमिंग पीसीच्या बजेटमधला सगळ्यात मोठा वाटा कार्डाला जायला हवा.

न सांगितलेल्या गोष्टी त्याहून महत्त्वाच्या. मदरबोर्ड कुठला, रॅम एक स्टिक की दोन, एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) कोणत्या कंपनीचा किती वॅटचा. मोठ्या ब्रँडच्या काही टॉवरमध्ये बोर्ड आणि एसएमपीएस त्यांच्याच मापाचे असतात, कनेक्टरही वेगळे. म्हणजे तीन वर्षांनी मुलाला मोठं कार्ड टाकायचं झालं तर एसएमपीएस बदलायचा, तो बाजारातला बसत नाही, मग बोर्ड बदला, मग कॅबिनेटही. तिथे सगळा हिशोब कोसळतो.

तुमच्या बजेटमध्ये मी असं बघेन: रायझन ५ ७६०० किंवा ७५००एफ, बी६५०एम मदरबोर्ड, १६ जीबी डीडीआर५ रॅम, १ टीबी एनव्हीएमई एसएसडी, आरटीएक्स ५०६० कार्ड, चांगल्या कंपनीचा ५५० वॅट ब्राँझ एसएमपीएस, जाळीवाला कॅबिनेट. एएम५ सॉकेट (या बोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा) का, तर २०२७ पर्यंत आणि पुढेही त्यावर नवे प्रोसेसर देऊ असं एएमडीने जाहीर केलंय. म्हणजे मुलगा फायनल इयरला असताना बोर्ड न बदलता प्रोसेसर बदलता येईल. १४४००एफ च्या सॉकेटवर पुढची पिढी येणार नाही.

प्राजक्ता_हिंजवडी
मी दुसरी बाजू मांडते, कारण अशा धाग्यांत ती कोणी मनापासून मांडत नाही. मी ब्रँडेडच घेतला, एक्स्टेंडेड वॉरंटी घालून तीन वर्षं ऑनसाइट, आणि मला तो निर्णय आजही बरोबर वाटतो. मध्ये डिस्प्ले यायचा बंद झाला. फोन केला, इंजिनिअर घरी आला, बोर्ड बदलून गेला. मी ऑफिसच्या कॉलवर होते, आईने दार उघडलं एवढंच. असेंबल्डमध्ये दोष कार्डाचा की रॅमचा की बोर्डाचा हे आधी तुम्ही शोधायचं, मग त्या त्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जायचं, प्रत्येकाचं काउंटर वेगळं. ज्यांना यात रस आहे त्यांना गंमत वाटते, बाकीच्यांना नाही. नेत्राताई, मुलगा उद्या हॉस्टेलला गेला तर बंद पडलेलं मशीन कोण बघणार याचाही विचार करा.

शार्दूल_ठाणे
प्राजक्ता, मुद्दा खरा आहे. फक्त मुदतीचं गणितही बघ. तयार टॉवरची वॉरंटी बहुधा एक वर्ष, पुढचे पैसे वेगळे. सुटे पार्ट घेतले तर प्रोसेसर आणि कार्डाला सहसा तीन वर्षं, एसएसडीला तीन ते पाच, चांगल्या एसएमपीएसला पाच ते दहा, रॅमला तर त्याहून जास्त. म्हणजे एकात मुदत लांब पण धावपळ तुमची, दुसऱ्यात मुदत छोटी पण माणूस घरी येतो.

ताई, ऑनसाइट म्हणजे चिपळूणला किती दिवसांत माणूस येतो, की मशीनच रत्नागिरी-कोल्हापूरला पाठवा म्हणतात, हे ऑर्डर करण्याआधी ब्रँडला पिनकोड सांगून विचारा आणि उत्तर ईमेलवर घ्या. हिंजवडीला ऑनसाइट म्हणजे उद्या, तालुक्याच्या गावाला तसंच असेल असं नाही.

मुग्धा_रत्नागिरी
कोकणातली म्हणून लिहिते, हे बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. ग्राफिक्स कार्ड आणि बोर्डाच्या वॉरंटीत गंज बसत नाही. कार्डाच्या मागच्या पत्र्यावर, एचडीएमआय पोर्टच्या कडेला तांबूस डाग दिसले की सर्व्हिस सेंटर सरळ परत पाठवतं, दोष दुसराच असला तरी. माझ्या भावाच्या कार्डाचं हेच झालं. तेव्हा मशीन बाहेरच्या भिंतीला किंवा खिडकीखाली ठेवू नका, पावसाळ्यात रोज थोडा वेळ तरी चालू ठेवा, आणि वापरात नसलेल्या पोर्टना ते रबरी बूच मिळतात ते लावून टाका, अगदी स्वस्त असतात. आणि ताई, बाजारपेठेच्या बाजूला राहत असाल तर मशीन वरच्या मजल्यावरच ठेवा. २०२१ च्या पुरानंतर हे वेगळं सांगायला नको.

अण्णा_नागपूर
आमच्याकडे उलटं, मे महिन्यात खोलीतच ४० च्या वर. पुढून अख्खी काच आणि आत रंगीत पंखे असलेला कॅबिनेट घेऊ नका बाप्पा. हवा आत यायला जागाच नसते, पंखे नुसते लाइट दाखवायला. पुढे जाळी, दोन पंखे आत ओढणारे, मागे एक बाहेर फेकणारा, एवढं पुरतं. तयार पीसीत फोटो छान दिसावा म्हणून काचवालेच जास्त, आणि बऱ्याचदा एकच पंखा.

नेत्रा_चिपळूण
किती नीट सांगताय सगळे, खूप आभार. अजून एक राहिलं. माझा भाऊ डॅलसला असतो, मे मध्ये येणार आहे. कार्ड त्याच्याकडून आणलं तर स्वस्त पडेल का? आणि रॅमचे भाव ऐकून मला धक्काच बसला, दुकानदार म्हणतो थांबू नका अजून वाढणार. खरं की घाई करायला सांगतोय?

मिलिंद_टेक्सास
मी त्याच भागात राहतो. इथे डॅलसला मायक्रो सेंटर हे कॉम्प्युटरचं मोठं दुकान आहे, तिथे प्रोसेसर-बोर्ड-रॅमचं बंडल एकत्र घेतलं की बरं पडतं, म्हणून इथली मुलं स्वतः जोडतात. पण भारतात नेण्यासाठी कार्ड घेऊ नका असंच सांगेन. बहुतेक कंपन्यांची कार्डाची वॉरंटी त्या त्या देशापुरती असते, इथलं बिल तिकडच्या काउंटरवर चालत नाही. किमतीवर इथला सेल्स टॅक्स वर लागतो, कस्टमचा प्रश्न आहेच. वाचतात ते पैसे आणि गमावता ती तीन वर्षांची वॉरंटी, तीही दमट हवेच्या गावात. भावाकडून कीबोर्ड-माउस मागवा हवं तर.

ओंकार_डी
रॅमबद्दल दुकानदार खोटं बोलत नाहीये. २०२५ च्या शेवटापासून भाव भयंकर चढलेत. एआयच्या डेटा सेंटरांना जी मेमरी लागते तिच्याकडे सॅमसंग, एसके हायनिक्स, मायक्रॉन या तिघांनी आपली क्षमता वळवली, आपल्या वाट्याला उरली कमी. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशल हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. आधी चार-पाच हजाराला मिळणारी १६ जीबीची डीडीआर५ स्टिक तिपटीच्या पुढे गेलीये. एसएसडीही चढलेत. जुन्या पिढीची डीडीआर४ पण महागली, त्यामुळे जुना प्लॅटफॉर्म घेऊन पळवाट निघत नाही, घरात जुन्या स्टिक पडून असतील तर गोष्ट वेगळी.

यामुळे तयार पीसीचं गणित थोडं बदललंय हेही मान्य करायला हवं. ब्रँडवाले रॅम घाऊक करार करून घेतात, जुन्या भावातला स्टॉक काही दिवस टिकतो. त्यामुळे मधूनच एखादा तयार टॉवर सुट्या पार्टच्या बेरजेपेक्षा स्वस्त निघतो, दोन वर्षांपूर्वी असं सहसा नव्हतं. तसा सापडला, आत ५०६० असलं आणि बोर्ड-एसएमपीएस नेहमीच्या मापाचे असले तर बिनधास्त घ्या. अडचण इतकीच की तोच टॉवर ३०५० घालून जास्त विकला जातो.

नेत्रा_चिपळूण
ब्रँडला फोन लावला. कार्ड ६ जीबीचंच आहे. एसएमपीएसचा मॉडेल नंबर त्यांना सांगता येईना. तो पर्याय मी बाद केला.

दुकानाचं कोटेशन आलं, जसंच्या तसं टाकते:
रायझन ५ ७५००एफ
बी६५०एम मदरबोर्ड वायफाय
१६ जीबी डीडीआर५ आरजीबी
१ टीबी जेन४ एनव्हीएमई
आरटीएक्स ५०६० ८ जीबी
५५० वॅट गोल्ड टाइप एसएमपीएस
गेमिंग कॅबिनेट ४ फॅन
एकूण ९९ हजार जीएसटी धरून. २४ इंची १८० हर्ट्झ मॉनिटर १० हजार वेगळे. विंडोज "टाकून देऊ" म्हणाला.

शार्दूल_ठाणे
यादीचा सांगाडा चांगला आहे, नावं गायब आहेत. ओळीने घेतो.

"गोल्ड टाइप" असं काही नसतं. ८० प्लस गोल्ड किंवा ब्राँझ हे वीज कमी वाया घालवण्याचं सर्टिफिकेट असतं, त्याचा शिक्का डब्यावर असतो, आणि कंपनी व मॉडेल सांगितलं की ऑनलाइन पडताळता येतं. तिथे "टाइप" लिहिलं की समजायचं साधा लोकल डबा. याच जागी दुकानदार पैसे वाचवतात, कारण कॅबिनेट बंद केलं की एसएमपीएस कुणी बघत नाही. आणि हा एक पार्ट असा की जाताना बाकीच्यांना घेऊन जातो. इथे हजार-दीड हजार जास्त गेले तरी द्या, आरजीबी (रंगीत लाइटवाल्या) रॅमचे कमी करा.

बोर्डाची कंपनी आणि पूर्ण मॉडेल मागा. बी६५०एम नावाखाली दोन रॅम स्लॉटवाले अगदी साधे बोर्डही येतात, तुम्हाला चार स्लॉट नसले तरी चालेल पण प्रोसेसरजवळच्या भागावर हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा तुकडा) हवा.

प्रोसेसर ७५००एफ च्या जागी ७६०० मागून बघा. "एफ"मध्ये आतलं ग्राफिक्स नसतं. उद्या कार्ड रिपेअरला गेलं तर मशीन पूर्ण आंधळं होतं, ७६०० असेल तर मुलाचा कोडिंगचा अभ्यास तरी चालू राहील. गावाकडे, जिथे कार्ड मुंबईला जाऊन यायला वेळ लागतो, तिथे याला महत्त्व आहे.

रॅम १६ ची एकच स्टिक घ्या असं माझं मत. भाव उतरले की तीच दुसरी टाकून ३२ करता येईल. ८-८ च्या दोन घेतल्या तर दोन स्लॉटच्या बोर्डावर पुढे त्या काढून टाकाव्या लागतात.

विंडोज "टाकून देऊ" म्हणजे पायरेटेड. नको म्हणा, पैसे भरून लायसन्स घ्या.

ओंकार_डी
रॅमबाबत शार्दूलशी असहमत. एका स्टिकवर मेमरी सिंगल चॅनल चालते, बँडविड्थ निम्मी. सरासरी एफपीएस (सेकंदाला किती चित्रं) ठीक दिसतो पण मध्येच झटके बसतात, व्हॅलोरंटसारख्या प्रोसेसरवर चालणाऱ्या गेममध्ये ते जास्त जाणवतं. आणि भाव कधी उतरतील याची कुणाकडे तारीख नाहीये. आज खेळायचंय तर ८-८ घ्या.

शार्दूल_ठाणे
झटक्यांचं बरोबर आहे. पण ब्लेंडर वाढलं की १६ पुरणार नाही, ३२ कडे जायचंच आहे, म्हणून एकावर थांबा म्हणतोय. शेवटी मुलाला विचारा, आधी गेम की आधी ब्लेंडर. (ब्लेंडरसाठीच ५०६० म्हणालो बरं का, नुसतं गेमिंग असतं तर एएमडीचं १६ जीबीवालं आरएक्स ९०६० एक्सटी सुचवलं असतं, पण रेंडरिंगला ५०६० बनवणारी एनव्हिडिया पुढे आहे.)

नेत्रा_चिपळूण
मुलगा म्हणतो आधी ब्लेंडर, म्हणून एक स्टिक. त्याने हे सगळं वाचलं आणि आता तो जोडणी स्वतः करायचीच म्हणतोय. दुकानदारही सुटे पार्ट सीलबंद द्यायला तयार आहे. देऊ का त्याच्या हातात?

शार्दूल_ठाणे
द्या. कॉम्प्युटरचा विद्यार्थी आहे, हे त्याच्या हातून व्हायलाच हवं. तरी चार गोष्टी त्याला वाचून दाखवा.

एएम५ मध्ये पिना प्रोसेसरला नसतात, बोर्डावर असतात, केसासारख्या बारीक. कोपऱ्यावरचा त्रिकोण जुळवायचा आणि प्रोसेसर वरून नुसता ठेवायचा, घासायचा किंवा ढकलायचा नाही. पिन वाकली की बोर्डाची वॉरंटी गेली. दुकानातून घेतानाच सॉकेटचं झाकण उघडून फोटो काढून ठेवा.

बोर्ड कॅबिनेटमध्ये टाकायच्या आधी आयओ शील्ड, म्हणजे मागच्या पोर्टभोवतीची पत्र्याची पट्टी, बसवायची (बोर्डाला आधीच लागलेली नसेल तर), कारण नंतर सगळं परत काढावं लागतं. रॅम एकच असेल तर बोर्डाच्या पुस्तकात जो स्लॉट लिहिलाय त्यातच, चार स्लॉट असतील तर बहुधा प्रोसेसरपासून दुसरा. प्रोसेसरची आठ पिनांची वायर वरच्या डाव्या कोपऱ्यात, ती विसरली तर पंखे फिरतात आणि स्क्रीन काळी राहते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, पहिल्यांदा चालू केल्यावर स्क्रीन काळीच राहील. डीडीआर५ मध्ये बोर्ड रॅमशी जुळवून घेतो, त्याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात, एएम५ वर ते काही मिनिटं चालू शकतं. बोर्डावर डीरॅमचा बारका लाइट पेटलेला दिसेल. तेव्हा घाबरून बटण दाबून बंद करायचं नाही, हात बांधून बसायचं. ते झालं की बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगमध्ये) जाऊन एक्सपो, म्हणजे रॅम पूर्ण वेगाने चालवायचं सेटिंग, चालू करायचं, नाहीतर ६००० ची रॅम ४८०० वर चालते आणि कळतही नाही.

संजय_सांगली
लाइटचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. साधा ६०० व्हीएचा यूपीएस ऑफिसच्या मशीनला असतो, त्यातून ३६० वॅटच्या आसपासच मिळतात. तुमचं मशीन गेम चालू असताना मॉनिटर धरून ३०० च्या आसपास जाईल, म्हणजे काठावर. १ केव्हीए किंवा थोडा वर घ्या. आणि चांगल्या एसएमपीएसमध्ये अ‍ॅक्टिव्ह पीएफसी (वीज नीट ओढणारं सर्किट) असतं, काहींना स्वस्त यूपीएसची चौकोनी वेव्ह चालत नाही, लाइट गेल्या क्षणी मशीनही जातं. प्युअर साइन वेव्ह घेतलेला बरा. त्याआधी वायरमन बोलवून त्या सॉकेटचं अर्थिंग तपासा, कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नाहीच समजा. यूपीएसचे पैसे बजेटमध्ये आत्ताच धरा.

नेत्रा_चिपळूण
ठरलं. ७६००, १६ ची एक स्टिक साधी बिनलाइटची, नामांकित कंपनीचा ब्राँझ एसएमपीएस पाच वर्षं वॉरंटीवाला, जाळीवाला कॅबिनेट, ५०६०. मॉनिटर, यूपीएस आणि विंडोज धरून १ लाख १५ च्या थोडं वर जातंय, ते मुलगा दिवाळीच्या जमलेल्या पैशातून घालतोय. दुकानदाराला सांगून बिलावर प्रत्येक पार्टचा सिरियल नंबर घातला. शनिवारी भाऊजी मुंबईला जातायत, तेच घेऊन येतील.

ओंकार_डी
मस्त यादी. शनिवारीच जायला सांगा, रविवारी लॅमिंग्टन रोडची बरीचशी दुकानं बंद असतात. डबे सगळे वॉरंटी संपेपर्यंत माळ्यावर ठेवा, कार्डाच्या डब्यावरचा सिरियल नंबर आणि कार्डावरचा सारखाच आहे ना हे दुकानातच बघून घ्यायला सांगा. आणि मॉनिटरची केबल मागे खाली आडव्या असलेल्या कार्डाच्या पोर्टला लावायची, वर बोर्डाच्या पोर्टला नाही. ७६०० असल्यामुळे तिथूनही चित्र येईल, आणि सायबरपंक अडखळतोय म्हणून मुलगा कार्डाला दोष देत बसेल. डिस्प्ले सेटिंगमध्ये १८० हर्ट्झही हाताने निवडावं लागतं, विंडोज बऱ्याचदा ६० वरच सोडून देतं.